जयपूरचा कच्चा गुलाबी

जयपूरला गुलाबी नगरी म्हणतात हे आपण शाळेच्या भूगोलात वाचतो आणि पाहण्यापूर्वीच खरे मानतो. मीही मानीत आले होते. म्हणूनच मागच्या चैत्रात, इंदूरहून रात्री निघालेल्या गाडीतून सकाळी जयपूरच्या स्थानकावर उतरल्यावर, रिक्षातून मान बाहेर काढून मी तो गुलाबी रंग शोधू लागले. बाहेर होते ते कोणत्याही मोठ्या शहरात असते तेच: तारांची जाळी, औषधांची दुकाने, चहाच्या टपऱ्या आणि शाळेच्या बसगाड्या. जुने शहर तटाच्या आत आहे. चांदपोल दरवाजातून आत शिरेपर्यंत त्या सुप्रसिद्ध रंगाचा मागमूसही दिसत नाही, आणि आत शिरल्यावर जो दिसतो तो पाहून माझ्या थोरल्या जाऊबाई पटकन म्हणाल्या, "अगं, हा तर गेरू!"

या जाऊबाईंना आम्ही सारे माई म्हणतो. त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, जावयांच्या नोकरीमुळे जयपूरला स्थायिक झाली आहे. तिने बरेच दिवस आग्रह चालविला होता, की गणगौरीला या, हा सण एकदा इथला पाहाच. माईंना सोबत हवी म्हणून मी गेले. गणगौरीला अजून दोन दिवस होते, आणि ते दोन दिवस आम्ही दोघींनी शहर पाहण्यात घालविले.

माईंचे निदान अचूक होते. हा रंग गुलाबाचा नव्हे, गेरूचा आहे. आपल्याकडे कुंड्यांना आणि तुळशीवृंदावनाला देतात त्याच घराण्यातला. उन्हात विटकरीकडे झुकणारा, संध्याकाळी मात्र खरोखरच गुलाबी होणारा. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये हे नगर वसविले, विद्याधर भट्टाचार्यांनी त्याची आखणी केली. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, चौपडी आणि एका मापाची दुकाने अजून तशीच आहेत. पण सारे शहर एका रंगात न्हाले ते त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. १८७६ च्या फेब्रुवारीत इंग्लंडचे युवराज जयपूरला आले. त्यांच्या स्वागतासाठी महाराजा सवाई रामसिंहांनी बाजारांच्या दर्शनी भिंतींना हा रंग देवविला, अशी सर्वमान्य हकिकत आहे. आमच्या वाटाड्याने हे सांगताना पाहुण्याचे नाव राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट असे सांगितले. ते बिचारे १८६१ मध्येच वारले होते. आले होते ते त्यांचे चिरंजीव अल्बर्ट एडवर्ड, पुढचे सातवे एडवर्ड. अल्बर्ट हॉल या वस्तुसंग्रहालयाची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसली. वाटाड्याची चूक मी दुरुस्त केली नाही. गोष्टीत वडिलांच्या जागी मुलगा घातल्याने स्वागताचा रंग काही बदलत नाही.

जुन्या शहरातल्या मुख्य बाजारांच्या दर्शनी भिंतींना आजही हाच रंग ठेवावा लागतो. ऊन त्याला फिका करते, पावसाने ओघळ येतात, मग पुन्हा हात फिरवावा लागतो. आम्ही गेलो तेव्हा त्रिपोलिया बाजारात एक माणूस बांबूच्या पराचीवर उभा राहून डबा आणि कुंचला घेऊन हेच काम करीत होता. नव्या पट्ट्याशेजारी जुना पट्टा इतका वेगळा दिसत होता, की या नगरीने एकच एक गुलाबी रंग कधी पाहिलाच नसावा असे वाटले.

या त्रिपोलिया बाजारातून ईसरलाट नावाचा उंच मनोरा दिसतो. इंदूरच्या माणसाला तो पाहून थोडे अवघडल्यासारखे होते, निदान मला झाले. सवाई ईश्वरीसिंहांनी तो आपल्या विजयाचे स्मारक म्हणून उभारला. पुढे १७५० च्या डिसेंबरात, मल्हारराव होळकरांची फौज खंडणीसाठी चालून येत आहे हे कळल्यावर, त्याच ईश्वरीसिंहांनी स्वतःचा जीव दिला. त्यांच्यामागून मराठ्यांच्या पाठबळाने माधोसिंह गादीवर आले. आणि जानेवारी १७५१ मध्ये शहर व देवळे पाहायला तटाच्या आत आलेल्या मराठ्यांवर शहर उलटले, दरवाजे बंद झाले, हजारांवर माणसे मारली गेली. तेव्हा या भिंतींवर हा एकसारखा रंग नव्हता. स्वागताचा रंग पुढे आला, आणि तोही दुसऱ्याच पाहुण्यासाठी. माईंना मी हे सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "आपणही तर पाहुणे म्हणून गेलो नव्हतो."

भिंतींवरचा गुलाबी गेरूचा निघाला, तरी खरा गुलाबी जयपुरात आहेच; तो माणसांच्या अंगावर आहे. आणि आपल्याकडच्या माणसाला नवल वाटावे असे, की तो जितका बायकांच्या अंगावर आहे तितकाच पुरुषांच्या डोक्यावर आहे. हवेल्यांची हॉटेले झाली आहेत, त्यांच्या दारावरचे भालदार प्रवाशांसाठी गुलाबी साफे बांधतात ते सोडून देऊ. पण जोहरी बाजारात एक सत्तरीचे गृहस्थ दुकानाच्या गादीवर हिशेब लिहीत बसले होते. धोतर, पांढरा अंगरखा, कानात सोन्याच्या मुरक्या, आणि डोक्याला कांद्याच्या पातळ सालीसारख्या रंगाचा फेटा. या छटेला तिकडे 'प्याजी' म्हणतात. त्या फेट्याने त्यांच्या पांढऱ्या मिशांना जी शोभा आणली होती ती काळ्या टोपीने खचित आली नसती.

अमेरिकेतल्या 'व्होग' या नियतकालिकाच्या एके काळच्या संपादिका डायाना व्रीलंड यांचे एक बोलणे वेशभूषेच्या जगात फार प्रसिद्ध आहे. पाश्चात्त्यांत जे स्थान गडद निळ्याचे, म्हणजे रोजच्या, कोठेही चालणाऱ्या रंगाचे, ते हिंदुस्थानात गुलाबीचे, असा त्याचा भाव आहे. बाईंनी हिंदुस्थान म्हटले असले, तरी त्यांच्या डोळ्यांसमोर राजस्थान असावे. आमच्या मराठी घरात गुलाबी कोठेही चालत नाही. तो वयाने मोजलेला रंग आहे. बारशाला चालतो, परकराला चालतो, नव्या सुनेला चालतो. चाळिशी उलटली की त्याची राणी रंगाकडे किंवा वांगी रंगाकडे बदली होते आणि साठीनंतर बिस्किटी, राखी, मोतिया असे रंग आपणहून कपाटात येऊन बसतात. आणि नवरा गेला म्हणजे तर वयाचाही प्रश्न राहत नाही.

माईंचे यजमान जाऊन त्या वेळी अकरा वर्षे झाली होती. आमचे घर कर्मठ नाही. माईंना कोणी काही सांगितले नाही, त्यांचे कोणी काही काढून घेतले नाही. त्यांनीच हळूहळू एकेक रंग सोडला. आधी हिरवा, मग लाल, मग जांभळा. आणि सर्वांत आवडता गुलाबी कधी सोडला ते आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही. दर चैत्रात आमच्या घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. आंब्याची डाळ माईंच्या हातची, पन्हे माईंच्या हातचे, आणि अकरा वर्षे मी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन त्यांच्यापुढून पुढच्या बाईकडे गेले. त्यांना अवघड वाटू नये म्हणून, असे मी मनाशी म्हणत असे.

असो. गुलाबीचा प्रश्न त्या घरात पहिल्यांदा उपस्थित केला तो माईंच्या सात वर्षांच्या नातवाने. त्यांच्या वसाहतीत मुलांची गणगौर बसणार होती आणि याला ईसर, म्हणजे शंकर, व्हायचे होते. आईने आणलेला गुलाबी साफा पाहताच त्याने तोंड फिरविले. "हा मुलींचा रंग आहे. मी नाही बांधणार." शाळेत असे म्हणतात, दप्तरे विकणारा असे म्हणतो, सायकलीच्या दुकानात मुलींची सायकल त्याच रंगाची असते, पोराचे काय चुकले?

गंमत अशी, की हा नियम फार जुना नाही आणि आपला तर नाहीच. अमेरिकेत लहान मुलांच्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी 'अर्नशॉज इन्फन्ट्स डिपार्टमेंट' नावाचे पत्र निघत असे. त्यात १९१८ साली असा सल्ला छापून आला होता, की गुलाबी हा अधिक ठाम व जोरकस रंग, म्हणून तो मुलग्यांना द्यावा. निळा नाजूक, तो मुलींना. पुढे दोन-तीन दशकांत व्यापाराचे वारे फिरले आणि वाटणी उलटी झाली. पॅरिसमध्ये एल्सा स्कियापारेल्ली या शिंपीकलेतल्या विदुषीने १९३७ मध्ये डोळ्यांत भरणारा भडक गुलाबी पुढे आणला आणि त्याला धक्कादायक म्हणून मिरविले. आपल्याकडच्या कोणत्याही आठवडेबाजारात त्या रंगाच्या लुगड्यांची रास पडलेली असते आणि कोणालाही धक्का बसत नाही. सांगायचे ते हे, की रंगाला अर्थ माणसे देतात आणि माणसेच तो काढून घेतात. नातवाला यातले काही न सांगता माईंनी त्याला दुसऱ्या दिवशी जोहरी बाजारात नेऊन त्या फेटेवाल्या आजोबांसमोर उभे केले. तो बराच वेळ त्या मिशांकडे पाहत राहिला. घरी आल्यावर निमूटपणे साफा बांधून घेतला, फक्त "मिशा पण काढा" अशी अट घातली.

राजस्थानात वस्त्राचा रंग ही एक प्रकारची दवंडी असते. श्रावणात लहरिया, फाल्गुनात पांढऱ्यावर लाल, वसंतपंचमीला पिवळा. मूल झाले की बाळंतिणीला माहेरची ओढणी येते, तिला पोमचा म्हणतात. मुलगा झाला तर पिवळा पोमचा, मुलगी झाली तर गुलाबी. हाडौतीकडे काळा पोमचाही असतो, तो विधवेचा. नाथद्वाऱ्याला गणगौर तीन-चार दिवस चालते आणि प्रत्येक दिवसाचा रंग निराळा. पहिली चुंदडी गणगौर, दुसरी हिरवी, तिसरी गुलाबी. त्या गुलाबी गणगौरीला श्रीनाथजींचा पोशाखही गुलाबी असतो. देवही त्या रंगातून सुटत नाहीत.

ही माहिती आम्हांला पुतणीच्या शेजारच्या एका राजपूत आजीबाईंकडून मिळाली. त्यांच्या घरी नुकतेच एक मरण होऊन गेले होते. त्यांच्या मुलाने बारा दिवस पांढरा फेटा बांधला, मग सोयऱ्याधायऱ्यांनी जमून तो उतरविला आणि त्याच्या डोक्यावर रंगीत फेटा बांधला. या विधीला 'रंग दस्तूर' म्हणतात. शोक संपला, आता घराने रंगात परत यावे, अशी समाजाने दिलेली ती परवानगीच. आजीबाईंनी मोठ्या तपशिलाने सांगितले. कोणाच्या सासुरवाडीहून फेटा आला, बांधला कोणी, कोणता रंग होता. माई लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, "और औरतों का?"

आजीबाई क्षणभर थांबल्या. "औरतों का दस्तूर नहीं होता," त्या म्हणाल्या, आणि चहाचे कप उचलून आत गेल्या. त्याही विधवाच होत्या. त्यांच्या अंगावर गडद तपकिरी ओढणी होती.

त्या दिवशी दुपारी पुतणीला एक ओढणी रंगवायला टाकायची होती, म्हणून आम्ही रामगंज बाजारापलीकडच्या एका गल्लीत गेलो. जयपुरात रंगरेज आणि नीलगर यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या फेट्यांची आणि ओढण्यांची रंगाई करीत आली आहेत. लहरियाचे तिरके पट्टे कापड गुंडाळून, दोऱ्याने आवळून काढावेत ते त्यांनीच. गल्लीच्या वर दोन्ही बाजूंच्या गच्च्यांमधून ओल्या कापडाचे लांब पट्टे वाऱ्यावर हलत होते आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर मधूनच एखादा गुलाबी थेंब पडत होता. दुकान म्हणजे एक ओटा, एक चूल, तीन-चार अॅल्युमिनियमची भगोणी आणि मागे भिंतीवर रंगाचे शिंतोडे. नमुने म्हणून फेट्याच्या चिंध्या एका दोरीवर ओवून ठेवल्या होत्या. म्हाताऱ्या रंगरेजाने ती दोरी आमच्यापुढे धरली आणि जपमाळेसारखा एकेक तुकडा पुढे सरकवीत नावे सांगितली: मोतिया गुलाबी, प्याजी, गुलाबी, गहरा गुलाबी, राणी. आपण ज्याला एका शब्दात संपवितो त्याची त्याच्यापाशी पाच-सहा घरे होती.

मी त्याला कुसुंब्याचे विचारले. माझे माहेर सोलापूरकडचे. तिकडे ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईच्या काटेरी ओळी पेरतात, म्हणजे जनावरे आत शिरत नाहीत. कोवळी असताना तिची पालेभाजी करायची, वाळल्यावर बियांचे तेल काढायचे. मधल्या काळात तिला पिवळी-केशरी फुले येतात त्यांच्याकडे कोणी पाहतसुद्धा नाही. त्याच फुलाला संस्कृतात कुसुंभ म्हणतात आणि आपल्या कुसुंबी रंगाचे मूळ तेच. वाळलेल्या पाकळ्या आधी साध्या पाण्याने धूत राहायचे, की त्यातला पिवळा वाहून जातो. मग खाराच्या पाण्यात त्या मळल्या की लपून बसलेला तांबडा सुटतो. आणि मग त्या पाण्यात चिंच किंवा लिंबू पिळले, की तो तांबडा कापडावर गुलाबी होऊन बसतो. किती पाकळ्या आणि किती बुड्या, यावर प्याजी की कुसुंबी ते ठरते. रसायनांचे रंग बाजारात येईपर्यंत या देशातला सुंदरातला सुंदर गुलाबी असा निघे. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'त वसंत ऋतूत स्त्रिया नेसतात ती वस्त्रे याच रंगाची आहेत.

पण या रंगात एक खोट होती. तो टिकत नसे. ऊन त्याला खाई, साबण त्याला खाई. चार धुण्यांत फेटा पांढरट होऊन पुन्हा रंगरेजाकडे जाई. आपल्या शास्त्रकारांच्या नजरेतून हेही सुटलेले नाही. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त प्रेमाचे तीन रंग सांगितले आहेत. नीळीचा राग फारसा झळकत नाही, पण जातही नाही. मंजिष्ठेचा झळकतो आणि जात नाही. कुसुंभाचा झळकतो आणि जातो. साहजिकच मान मंजिष्ठेला मिळाला. तरीही राजेरजवाडे आणि त्यांच्यामागून शेतकरी दर वर्षी तोच जाणारा रंग डोक्यावर चढवीत राहिले, हे मात्र शास्त्रकारांना सांगायचे राहिले.

"कुसुंबा दादाजीने किया होगा," म्हातारा हसून म्हणाला. त्याच्याकडे आता पुडीतला रंग होता. युरोपात १८५९ मध्ये मॅजेंटा नावाचा गुलाबी-जांभळा रंग प्रयोगशाळेत निघाला, त्याच्यामागून तशाच रंगांची रांग लागली आणि करडईची फुले पुन्हा शेताच्या कडेला जाऊन उभी राहिली. मात्र त्याचा हा पुडीतला हलका गुलाबीही पक्का नसतो, हे म्हाताऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले. "फीका पड़े तो ले आना. गुलाबी तो चढ़ाते रहना पड़ता है."

पुतणीची ओढणी त्याच्या हाती दिली आणि आम्ही निघणार, तोच माईंनी पिशवीतून एक साडी काढली. ती त्यांनी घरूनच बरोबर घेतली होती हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. पांढरी, बारीक जरीच्या काठाची महेश्वरी. भाऊजी गेल्यानंतर पहिल्या वर्षी घेतलेली.

महेश्वरीचे नाव निघाले की आम्हां इंदूरकरांना देवी अहिल्याबाईंची आठवण होतेच. १७५४ साली कुम्हेरच्या वेढ्यात खंडेराव पडले. ते कुम्हेरही याच राजस्थानात, भरतपूरजवळ. अहिल्याबाई सती निघाल्या होत्या, मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले, आणि पुढे त्यांनी जे राज्य केले ते सर्वांना माहीत आहे. त्यांची जी चित्रे आपण घरोघर पाहतो त्यांत त्या शुभ्र पांढऱ्या वस्त्रात असतात, हातात शिवलिंग घेतलेल्या. महेश्वरात विणकर आणून वसविले आणि माग चालू केले ते मात्र त्यांनीच. इतरांसाठी रंगीत काठापदरांची वस्त्रे विणवून घेणारी आणि स्वतः पांढरे नेसणारी ती बाई काय विचार करीत असेल, हे मला त्या ओट्यापाशी उभी असताना पहिल्यांदाच मनात आले. आजवर मी त्या पांढऱ्याकडे केवळ पावित्र्य म्हणून पाहिले होते.

रंगरेजाने साडी उलगडून बोटांनी चोळली. "ताना रेशम, बाना सूत. रेशम ज्यादा पकड़ेगा, सूत कम. एक-सा नहीं आएगा."

"चालेल," माई मराठीतच म्हणाल्या.

"कौन-सा?"

माईंनी ती चिंध्यांची दोरी हातात घेतली. मोतिया गुलाबीवर त्यांचे बोट आधी थांबले. तो जवळजवळ पांढराच, कोणाच्या डोळ्यांवर न येणारा. मग ते पुढे सरकले, प्याजीवरून पुढे गेले आणि नुसत्या गुलाबीवर थांबले. "हा," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून, जणू मी काही विचारले होते, "माझ्या लग्नातल्या शालूच्या आतल्या बाजूचा हा रंग होता."

म्हाताऱ्याने भगोण्यात पुडी सोडली, काठीने ढवळले, चिंधी बुडवून पाहिली, आणखी चिमूट टाकली. साडी आत गेली तेव्हा पांढरी होती आणि वर आली तेव्हा डोळ्यांना सोसेना अशी लालभडक. माई दचकल्या. "गीला है," तो म्हणाला, "सूखेगा तो अपनी उमर पर आ जाएगा." मग त्याने आणि त्याच्या नातवाने दोन टोके धरून ती पिळली आणि गल्लीच्या मध्ये उभे राहून वाऱ्यावर झटकू लागले. झटक्यागणिक रंग उतरत गेला, आणि वाळली तेव्हा ती जरा ऊनसावलीसारखी, रेशमात गडद, सुतात फिकी, अशी दिसत होती. इतकी सुंदर साडी माझ्या कपाटात एकही नाही.

संध्याकाळी गणगौरीची स्वारी. होळीच्या दुसऱ्या दिवसापासून मुली आणि सवाष्णी गौर पूजतात, आणि चैत्र शुद्ध तृतीयेला, ज्या दिवशी आपल्याकडे चैत्रगौर झोपाळ्यात बसते त्याच दिवशी, जयपूरच्या राजवाड्यातली गौर त्रिपोलिया दरवाजातून बाहेर निघते. हत्ती, उंट, शृंगारलेले बैल, वाजंत्री, आणि मागून नखशिखान्त दागिन्यांनी मढलेली गौर. बरोबर ईसर नसतो. ती एकटीच निघते. बाजाराच्या दोन्ही बाजूंच्या गच्च्या बायकांनी भरून गेल्या होत्या, आणि खालून वर पाहिले तर त्या गेरूच्या भिंतींवर खऱ्या गुलाबीच्या ओळीच्या ओळी लागलेल्या. तेथून थोड्याच अंतरावर हवामहल आहे. सवाई प्रतापसिंहांनी १७९९ मध्ये बांधविलेला, नऊशे त्रेपन्न खिडक्यांचा. पडद्यातल्या राण्यांना कोणी न पाहता अशा मिरवणुका पाहता याव्यात म्हणून तो बांधला. सकाळी आम्ही त्याच्या एका जाळीला डोळा लावून पाहिले होते. जाळीतून रस्ता नीट दिसतो. रस्त्यावरून मात्र आतली बाई कोणत्या रंगात आहे ते कळत नाही.

माई त्या संध्याकाळी आपल्या नेहमीच्या बिस्किटी साडीत होत्या. नवी साडी पिशवीत होती. मी काही बोलले नाही. नातू पिताच्या खांद्यावर बसून, गुलाबी साफा आणि काजळाच्या मिशा सांभाळीत, गौरीला हात करीत होता.

इंदूरला परतल्यावर दुसऱ्या आठवड्यात आमचे हळदीकुंकू होते. माई सकाळीच आल्या, डाळ वाटायला बसल्या. दुपारी कपडे बदलायला आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या गुलाबी महेश्वरी नेसून. बायकांचे बोलणे एका क्षणापुरते थांबले, मग कोणीतरी पन्ह्यात वेलदोडा जास्त झाला की कमी, असा विषय काढला आणि ते पुन्हा सुरू झाले. मी करंडा घेऊन फिरत होते. माईंपाशी आले आणि या वेळी पुढे गेले नाही. त्यांनी डाळीचा डाव खाली ठेवला, ओला हात पदराला पुसला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "हळद लाव. कुंकवाचं पुढच्या वर्षी बघू."

मी हळद लाविली. हात पुसला होता तेथे पदराचा रंग बोटांना लागला होता.

ती साडी माईंनी त्यानंतर पुष्कळ वापरली. भिशीला नेसल्या, नातेवाइकांकडच्या मुंजीला नेसल्या, एकदा तर नुसत्याच बँकेत नेसून गेल्या. म्हाताऱ्याने सांगितल्याप्रमाणे ती उतरत गेली. आता सुतातला रंग जवळजवळ गेला आहे, रेशमात तेवढा राहिला आहे. परवा त्यांचा फोन आला होता. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, "काय गं, तुझ्या ओळखीचं कोणी जयपूरला जाणारं आहे का?"